वेल्डिंगचे नवे हत्यार आणि आमचे कारागीर

मोठा कारखाना येणार अशी बातमी वर्तमानपत्रात आली की आमच्या बाजारात दोन प्रश्न विचारले जातात. जमिनीचा भाव किती चढला, आणि पोरांना कामावर घेणार की नाही. तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या कारखान्यात धातूला धातू कोणत्या रीतीने जोडला जाणार, आणि जोडण्याचे हत्यार कोण बनवणार, हा तो प्रश्न. आम्ही कपड्याचे व्यापारी. वेल्डिंगवर लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी म्हणेल. पण वेल्डर, टर्नर आणि फिटर यांच्या घरात चार पैसे आले तरच ईदच्या आधी आमची थाने उलगडली जातात. त्यांच्या धंद्याला काय होते आहे याची चौकशी करणे हा आमच्याही रोटीचा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपांचे जाळे विणले गेले. जुन्या वस्त्यांतील आमच्या पुष्कळ मुलांनी तेव्हापासून हातात वेल्डिंगचा होल्डर धरला. दहावी नापास झाला तर वेल्डिंगला घाला, असा रिवाजच पडला. त्यातून हजारो चुली पेटल्या, हे नाकारता येत नाही. पण ते सारे काम लोखंडाचे होते.

आता वारे फिरले आहे. २०२४ साली बिडकीनच्या ऑरिक वसाहतीसाठी एथर एनर्जीने विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या कारखान्याची घोषणा केली. त्याच वर्षी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने तिथल्याच प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. विजेच्या गाडीत बॅटरीचे वजन मोठे असते, म्हणून बाकीचे वजन कमी करण्यासाठी लोखंडाच्या जागी अॅल्युमिनियम येते. बॅटरीची पेटी, तिच्या तळाची थंड पाणी खेळवणारी पट्टी, मोटारीचे कवच, ही कामे जगभर अॅल्युमिनियमची होत आहेत. आणि अॅल्युमिनियम हा आमच्या रॉडवाल्या वेल्डरला न जुमानणारा धातू आहे. त्याच्या अंगावर ऑक्साइडची एक पातळ साय असते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, तर ती साय २,००० अंश ओलांडल्याशिवाय वितळत नाही. आरगॉन वायू लावून काम करता येते, पण जोडात बुडबुडे राहतात आणि पातळ पत्रा वाकडा होतो.

यावर १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तोड काढली. तिला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. मराठीत घर्षणाने ढवळून जोडणे म्हणता येईल. यात ठिणगी नाही, रॉड नाही, वायू नाही. पोलादाचे एक जाड हत्यार मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरवत दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबतात आणि सांध्याच्या रेषेवर हळूहळू पुढे सरकवतात. घासण्याच्या उष्णतेने अॅल्युमिनियम चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापते. ते वितळत नाही, मळलेल्या कणकेसारखे मऊ होते. हत्याराच्या टोकाची पिन दोन्ही बाजूंचा धातू ढवळते आणि मागे एकजीव पट्टा सोडते. धातू वितळलाच नाही तर त्यात बुडबुडे येणार कुठून?

हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले आणि त्यांना चिलखत घडवण्याचे हुनर देण्यात आले, हा कुरआन शरीफातील उल्लेख आमच्या वाचकांना ठाऊक आहे. पैगंबर असूनही ते हाताच्या कमाईवर जगले, हेही आपण वाझमध्ये ऐकतो. वाझ ऐकून घरी येतो आणि मुलगा कारागीर झाला तर सोयरिकीला अडचण येईल म्हणून त्याला कुठल्या तरी ऑफिसात चिकटवण्याची खटपट करतो. असो.

या रीतीत वेल्डरच्या हाताची सफाई निरुपयोगी ठरते. मशीन चालवायला बटण दाबणारा पुरतो. सारे कसब हत्यारात जाऊन बसते. हत्याराचे दोन भाग. वरचा रुंद भाग म्हणजे खांदा, तो पत्र्याच्या पृष्ठावर घासतो आणि बहुतेक उष्णता तोच निर्माण करतो. खालची पिन धातू ढवळते. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला साधारण अठरा मिलिमीटर व्यासाचा खांदा आणि सहा मिलिमीटरची पिन चालते. पिनेची लांबी पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवावी लागते, नाहीतर ती खालच्या पाटाला घासते. पोलाद एच-१३ प्रतीचे. चिकलठाणा-वाळूजच्या डाय कास्टिंगवाल्यांना ते चांगले परिचित आहे. लेथवर घडवायचे, हार्डनिंग करून आणायचे, पुन्हा घासून मापात बसवायचे. आमच्या कुठल्याही चांगल्या टर्नरला हे जमण्यासारखे आहे.

अडचण वेगळीच आहे. या कामासाठी बनवलेली खास मशीने फार महाग आणि लहान वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरची. त्यांच्या स्पिंडलमध्ये आतून पाणी खेळवून थंड ठेवण्याची व्यवस्था असते. पण पातळ अॅल्युमिनियमसाठी साधे, दणकट, उभे मिलिंग मशीनही चालते. देशोदेशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पुष्कळसे प्रयोग अशा जुन्या मिलिंग मशीनवरच झालेले आहेत. फक्त ते मशीन कापण्यासाठी बनलेले असते, भाजण्यासाठी नव्हे. खांद्याची उष्णता होल्डरमधून वर चढते. कॉलेट फुगून पकड ढिली होते, स्पिंडलच्या बेअरिंगमधले ग्रीस पातळ होऊन गळते, हत्यार हलू लागते आणि जोडाच्या आत उंदराच्या बिळासारखा पोकळ बोगदा राहतो. वरून पाहिले तर जोड छान दिसतो. गिऱ्हाईक कापून बघतो तेव्हा माल परत येतो.

म्हणून उष्णता वर जाऊ न देणारे, हवेने थंड होणारे, सिरॅमिकचा आडोसा असलेले फिरते हत्यार ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे कोट्यवधीचे मशीन आहे त्याला तिची फारशी गरज नाही. ज्याच्याकडे भंगारातून आणून दुरुस्त केलेले मिलिंग मशीन आहे त्याला ती हवी. गरिबाच्या मशीनला श्रीमंताच्या कामाला लावणारे हे हत्यार आहे. आणि मूळ शोधाच्या पेटंटची मुदत संपूनही दहा वर्षे उलटली, तेव्हा त्या बाजूचीही आडकाठी राहिलेली नाही.

आता हत्याराच्या घडणीविषयी. आमच्या शहरात मशरू विणला जाई. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेला. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम चालत नाही, म्हणून विणकराने रेशीम वरच्या बाजूला आणि सूत आतल्या बाजूला येईल अशी वीण काढली. रेशमाची शान बाहेर राहिली आणि अंगाला लागले ते सूत. दोन गोष्टींना एकत्र ठेवून एकमेकांना भिडू न देणे हे ते कसब. आपल्या हत्यारातही तेच करायचे आहे. तापलेला खांदा खाली, बेअरिंग वर, मध्ये त्यांना भिडू न देणारा एक थर.

हा थर सिरॅमिकचा. पण बाजारात सिरॅमिक मागितले की दुकानदार पांढरी अॅल्युमिना पुढे करील. तिथेच माणूस फसतो. अॅल्युमिना वीज अडवते, उष्णता मात्र खुशाल जाऊ देते; थंड असताना तर जवळजवळ एच-१३ पोलादाइतकीच. मागायला हवी ती झिर्कोनिया. तिच्यातून उष्णता त्या पोलादाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने जाते. शिवाय तापल्यावर ती जवळपास पोलादाइतकीच फुगते, त्यामुळे दोघांत खटका उडत नाही. अॅल्युमिना कमी फुगते आणि घट्ट बसवलेल्या जागी सैल पडते किंवा तडकते. जेट इंजिनाच्या पात्यांवर उष्णता अडवण्यासाठी जो लेप देतात तो झिर्कोनियाचाच असतो. दिसायला दोन्ही चकत्या पांढऱ्या. कपड्यात जसे पॉलिस्टर रेशमाच्या भावात खपवतात तसे इथेही होऊ शकते, तेव्हा बिलावर नाव लिहून घ्यावे.

सिरॅमिकचा स्वभाव मातीच्या भांड्यासारखा. दाबाला पक्के, ताणाला आणि ठोक्याला कच्चे. पत्र्यात घुसताना या हत्यारावर अर्धा-एक टनाचा भार येतो. तो भार चकतीवर सरळ खाली दाबून आला तर झिर्कोनिया तो सहज पेलते. म्हणून चकतीची दोन्ही तोंडे सरफेस ग्राइंडरवर अगदी सपाट करून घ्यावी लागतात. एका बाजूला बाल जरी जाड राहिली तरी बोल्ट आवळताच ती फुटेल. आणि फिरवण्याचा जोर चकतीवर टाकायचाच नाही. त्यासाठी पोलादाच्या चाव्या द्यायच्या. इथे कारागिराची परीक्षा आहे, कारण पोलादाची प्रत्येक चावी म्हणजे उष्णतेला वर चढायला दिलेली शिडी. चाव्या कमी दिल्या तर तुटतील, जास्त दिल्या तर सिरॅमिक घातल्याचा उपयोग नाही. दोन की तीन, किती जाड, कुठे, हे ज्याला साधले त्याचे हत्यार चालेल.

याहून स्वस्त आडोसा एक आहे, हवा. रजईत ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते, हे आम्हा कपडेवाल्यांना कोणी शिकवायला नको. हत्याराचा दांडा होल्डरला सगळीकडून चिकटून बसवण्याऐवजी वर-खाली दोन अरुंद कड्यांवर टेकवला आणि मधली जागा मोकळी ठेवली, तर त्या फटीतली हवा फुकटात काम करते. केंद्र मात्र हलता कामा नये. डायल लावून बघावे.

एवढे करूनही थोडी उष्णता वर जाईलच. ती होल्डरने हवेत सोडायची. यासाठी मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा पात्या होल्डरवर काढतात. वाळूजच्या गावात कोणत्या मुलाला त्या ठाऊक नाहीत? पण मोटारसायकल रस्त्यावर धावते आणि हत्यार एका जागी फिरते. ८० मिलिमीटर व्यासाच्या पात्या मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरल्या तर त्यांच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर पडतो. सायकलस्वाराला लागतो तेवढा वारा. लहान जोडाला तो पुरेल, लांब जोडाला कॉम्प्रेसरची हवा हवी. ती कोरडी असावी आणि तिचे तोंड वरच्या दिशेला असावे. इथे सर्वांत मोठा गैरसमज होण्याचा संभव आहे. हत्यार तापते तर खांद्यावरच हवा मारू, असे कोणालाही सुचेल. पण खांद्याची उष्णता हीच तर या वेल्डिंगची आग. ती काढून घेतली की धातू मऊ होत नाही आणि पिन तुटते. उष्णता आधी अडवायची, आणि अडवूनही जी निसटली तेवढीच वर गेल्यावर थंड करायची. हा क्रम उलटला की हत्यार बिघडते.

पाणी का नको, असे विचारले जाईल. फिरत्या होल्डरमध्ये पाणी न्यायचे तर फिरता सांधा लागतो, त्याचे सील झिजते आणि गळती थेट तापल्या जोडावर येते. मोठ्या कारखान्यात देखभाल करणारी माणसे असतात. लहान वर्कशॉपात मालकच मेकॅनिक आणि मालकच हमाल. त्याला हवाच परवडते.

काही वाचक म्हणतील, ग्रिल आणि गेट बनवणाऱ्याला हे सांगून काय उपयोग? बरोबर आहे. ग्रिल-गेटचे काम कुठे जात नाही. लोखंड रॉडनेच जोडले जाईल. पण त्या कामात मजुरी खाली खेचली जाते, धुराने छाती आणि आर्कच्या उजेडाने डोळे जातात, हे घरोघरी माहीत आहे. नव्या रीतीत आर्क नाही आणि धूरही जवळजवळ नाही. सैल बाहीचे कपडे घालून फिरत्या हत्याराजवळ मात्र जायचे नाही.

हिमरूचे काय झाले ते या शहराने पाहिले आहे. सुताचा ताणा, रेशमाचा बाणा आणि त्यावरची नक्षी. हातमागाचे हे काम आज मोजक्या घरांत उरले आहे आणि पर्यटकांना हिमरू म्हणून पुष्कळदा यंत्रमागाची शाल दिली जाते. यंत्रमाग आला म्हणून विणकर बुडाला, असे सांगण्याची पद्धत आहे. आमचे मत थोडे वेगळे. यंत्रमागाची नक्षीची पट्टी कापण्याचे, यंत्र दुरुस्त करण्याचे, त्याचे भाग घडवण्याचे काम विणकराच्या मुलाकडे आले नाही, म्हणून तो बुडाला. व्यापाऱ्याने हातमागाचा माल घेणे थांबवले आणि यंत्राचा माल बाहेरून आणला. मधल्या जागेत कोणी भांडवल घातले नाही.

शिकण्याची सोय दूर नाही. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. दहावीनंतर टूल आणि डाय बनवण्याचा डिप्लोमा तिथे करता येतो. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, जिथे डिझाइनची आणि चाचणीची सामायिक सोय लहान उद्योगांसाठी उभारलेली आहे. उर्दू माध्यमाची मुले इंग्रजी शब्दांना घाबरून या दारापर्यंत जात नाहीत. आम्हीही उर्दू शाळेतलेच. पण उष्णता जाऊ देणारा तो मूसिल आणि अडवणारा तो हाजिज, हे त्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण वाचलेले आहे. गोष्ट तीच आहे, नाव बदलले. एखाद्या शिक्षकाने उर्दू-मराठी-इंग्रजी अशी शे-दोनशे शब्दांची यादी करून भिंतीवर लावली तरी अर्धी धास्ती जाईल.

सरकारकडे बोट दाखवण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, अवजारे बनवणारा आहे, दर्जी आहे. वेल्डर आणि खरादी यांची नावे मात्र त्यात नाहीत. तिथले कर्ज शिवाय व्याजाचे, ज्यापासून आमचे पुष्कळ बंधू दूर राहतात. मग पैसा कुठून येणार?

पैसा आहे, पण प्लॉटमध्ये अडकून पडलेला. बिडकीनची बातमी आल्यावर व्यापारी बंधू काय करतात हे सर्वांना दिसते. पुढे विकण्यासाठी घेतलेल्या प्लॉटच्या बाजारभावावर दरवर्षी जकात निघते आणि कारागिराच्या हत्यारांवर व यंत्रांवर निघत नाही, हे उलेमांनी वारंवार सांगितलेले आहे. तरीही आपण वर्षानुवर्षे प्लॉट धरून बसतो आणि मिलिंग मशीनमध्ये पैसे घालायचे म्हटले की हात आखडता घेतो. मुजारबत ही काही नवी चीज नाही. हजरत खदीजा (र.) यांच्या मालावर रसूलुल्लाह (स.) यांनी व्यापार केला, तो याच धर्तीवर. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला. नुकसान झाले तर पैसा भांडवलवाल्याचा जातो आणि कारागिराची मेहनत जाते. तीन-चार व्यापाऱ्यांनी मिळून एका टर्नरला जुने मिलिंग मशीन, कॉम्प्रेसर, झिर्कोनियाच्या काही चकत्या आणि सहा महिन्यांचा घरखर्च द्यावा. पहिल्या महिन्यांत भंगार पत्र्यावर काम करावे, जोड कापून, वाकवून पाहावे, चाचणीचा कागद हातात आल्याशिवाय कारखान्याच्या गेटवर जाऊ नये. आणि एकदम जोडणीच्या ऑर्डरीमागे धावू नये. ज्यांच्याकडे मशीने आहेत त्यांना झिजणारी हत्यारे आणि होल्डर पुरवण्याचे काम लहान माणसाला आधी झेपते.

करारात एक कलम मात्र विसरू नये. हत्याराची घडण, म्हणजे चाव्या कुठे, चकती किती जाड, पात्या कशा, याचा नकाशा कोणाच्या नावावर राहील? आमच्या बाजाराची सवय अशी की ज्याचा पैसा त्याचे सगळे. ती इथे चालू देऊ नये. हातमागावर नक्षा बांधणारा वेगळा आणि माग चालवणारा वेगळा असे; नक्षा बांधणाऱ्याला मान होता, कारण त्याच्यावाचून माग मुका. या भागीदारीत नकाशावर कारागिराचे नाव असावे, भांडवलवाल्याला ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच्या नफ्यात हिस्सा असावा, आणि मुदत संपल्यावर तो नकाशा घेऊन कारागिराने दुसऱ्या कोणाबरोबरही काम करण्यास मोकळे असावे. हे कलम लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मगच पहिल्या चकतीची ऑर्डर द्यावी.